दोन घड्याळं आणि बडनेऱ्याचं स्टेशन

आमच्या घरात घड्याळ आलं तेव्हा ते बंद होतं, आणि सासूबाईंच्या मते त्याचं वागणं तेवढेच दिवस बरं होतं.

ही हकीकत मी सांगते आहे आणि माझी नातसून लिहून घेते आहे. ती शाळेत शिकलेली, म्हणून माझं वऱ्हाडी बोलणं धुऊन, वाळवून, घडी घालून कागदावर ठेवते. ठेवू दे बापडी. पण माणसं जे बोलली ते तसंच लिही, असं तिला बजावलं आहे. सासूबाईंचं बोलणं धुतलं तर कागद कोराच राहील.

आमचं मूळ गाव तिवशाजवळचं. काळी जमीन, कापसाचं पीक. मी सून म्हणून आले त्याच सुमारास कुठल्याशा गोऱ्यांच्या मुलखात आपसात लढाई जुंपली, आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईना. मग विलायतेला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ते लोक का भांडत होते हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यांचं भांडण मिटू नये म्हणून आमच्या गावात मारुतीला नारळ फुटत होते. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, वावरं गड्यांवर सोपवली, अमरावतीच्या पेठेत घर घेतलं, आणि शेतकऱ्याचे व्यापारी झाले. धोतर तेच राहिलं, फक्त पांढरं झालं.

घड्याळ येण्याआधी आम्हाला वेळ कळत नव्हती असं नाही. कोंबडा आरवला की उठायचं. मागच्या गल्लीतल्या मशिदीत पहाटेची बांग झाली की दळण निम्मं व्हायला हवं. ओट्यावरची सावली दुसऱ्या पायरीला आली की भाकरी थापायच्या. दुपारची बांग झाली की पुरुष जेवायला येत. सासूबाई कधी कधी नुसतं पोटाकडे बघून सांगत, "झाली व दुपार." आणि त्या कधी चुकल्या नाहीत. लग्नमुंजीला जोशीबुवा असत. त्यांच्याकडे एक तांब्याची वाटी होती, तळाला बारीक भोक पाडलेली. पाण्याच्या घंगाळात ती वाटी सोडायची, भोकातून पाणी चढत चढत ती बुडाली की एक घटका झाली. वाटी बुडताना जोशीबुवा बहुतेक झोपलेले असत, पण बुडाल्यावर जागे होत, एवढं खरं.

एका वर्षी मामंजी कापसाच्या गाड्यांबरोबर गेले. तेव्हा रेल्वे खानदेशापर्यंतच आली होती. तिथून ते आगगाडीने मुंबईला गेले आणि परतताना एक मोठं लाकडी खोकं घेऊन आले. खोक्यात घड्याळ होतं. वाटेत धक्के बसू नयेत म्हणून मामंजींनी ते गच्च कापसात भरलं होतं, आतूनसुद्धा. घरात आणून भिंतीवर टांगलं, सगळी पेठ बघायला जमली, आणि ते ढिम्म.

मग घड्याळवाल्या चाचांना बोलावलं. चाचा आमच्याच मागच्या गल्लीतले. गावात घड्याळं येऊ लागली तशी त्यांनी कुलपं दुरुस्त करायची सोडून घड्याळं धरली होती. डोळ्यात सुरमा, अंगात चिकनकामाचा कुडता, आणि बोलणं असं की नवाबाने ऐकत बसावं. त्यांनी घड्याळाचं पोट उघडलं, चिमट्याने कापसाचे पुंजके ओढून काढायला लागले आणि म्हणाले, "मालक, ये घड़ी है के गादी?"

लोक हसले. मामंजी हसले नाहीत.

साफ करून झाल्यावर चाचांनी लंबक हलवला आणि ते टकटक करू लागलं. आता काटे कुठे लावायचे? चाचा अंगणात गेले, कपाळावर हात धरून उन्हाकडे बघितलं, आत आले आणि दोन्ही काटे वरच्या टोकाला जोडून म्हणाले, "बारा बज गये." म्हणजे घड्याळ उन्हाकडे बघून लावलं, आणि त्या दिवसापासून आम्ही ऊन सोडून घड्याळाकडे बघू लागलो.

मामंजींनी घड्याळाला हळदकुंकू वाहायला सांगितलं. सासूबाई ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता याले न्हाऊबी घालू काय? जेवते काय हे? चोवीस घंटे टकटक करून राहीन, अन् काम काडीचं नाई. असे दोन जण हायेत माह्या घरात पयलेच." दोन जण म्हणजे मामंजी आणि माझा नवरा.

घड्याळाला किल्ली द्यायचं काम आधी मामंजींकडे होतं. त्यांचा हात नांगराचा. त्यांनी अशी पिळली की आतून मांजर चिरडल्यासारखा आवाज आला. चाचांना परत बोलावलं. चाचा म्हणाले, "ये बैलगाड़ी की धुरी नहीं है. हलका हाथ चाहिये. बहू को दो."

त्या काळी सून सासऱ्यांसमोर उभी राहत नसे, बोलणं तर लांबच. मी दाराआड होते. चाचा दाराकडे तोंड करून, भिंतीला समजावल्यासारखे, किती पीळ द्यायचा, कधी थांबायचं ते सांगत होते, आणि मी दाराआडून ऐकत होते. मग सासूबाईंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. आमच्या घरातल्या सगळ्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. कोठाराची, पेटीची, लोणच्याच्या कपाटाचीसुद्धा. माझ्या कमरेला आलेली ही पहिली किल्ली. मी त्या दिवशी विहिरीवर जाताना तिचा आवाज व्हावा म्हणून मुद्दाम हिसका देऊन चालले.

मला अक्षरओळख नव्हती. पण घड्याळावर अक्षरं नव्हतीच, काड्या होत्या. एक काडी म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. पुढे घडवणाऱ्यांनी काड्या वाचवायला तिरक्या लावल्या होत्या. आठवडाभर बघत बसले तेव्हा माझं मला कळलं. घरात घड्याळ वाचणारी मी एकटीच झाले. मामंजी ओट्यावर बसून पेठेतल्या लोकांना ऐकू जाईल असं विचारत, "किती वाजले रे?" आणि माझा नवरा आत येऊन मला विचारी, आणि बाहेर जाऊन स्वतःच वाचल्यासारखं सांगे.

आता समोरच्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या समोरच्या घरात मामंजींचे चुलतभाऊ राहत, माझे चुलतसासरे. त्यांचं आणि मामंजींचं गावाकडे वावराच्या बांधावरून भांडण झालेलं होतं. कापूस दोघांना सारखाच पावला, म्हणून दोघं एकाच पेठेत आले, आणि एकमेकांकडे बघावं लागू नये म्हणून तोंड फिरवून समोरासमोर राहिले. आमच्याकडे घड्याळ आल्यावर त्यांना झोप येईना. कापसाचा हंगाम संपायच्या आत त्यांच्याकडेही खोकं आलं. आमच्यापेक्षा हातभर उंच, आणि ठोके असे की जनावरं दावणीला उड्या मारायची.

ते घड्याळही चाचांनीच लावलं. त्याच पद्धतीने, अंगणात जाऊन, कपाळाला हात लावून. फक्त त्या दिवशी आभाळ आलेलं होतं.

झालं. आमच्याकडे बारा वाजले की बऱ्याच वेळाने समोर बारा वाजायचे. आमचे मामंजी ओट्यावर येऊन म्हणायचे, "काही लोकाईची दुपार जरा उशिरानं होते." समोरून उत्तर यायचं, "काही लोकाईले घाई राह्यते. मरायचीबी." त्यांच्याकडचे मजूर आमच्याकडच्यांनंतर जेवायला सुटत, आणि सुटायच्या वेळी आमच्या घड्याळाकडे बोट दाखवून आधी सुटायला मागत. मग आमचे मजूर सकाळी त्यांच्या घड्याळाप्रमाणे यायला लागले. दोन घड्याळं झाल्यावर मजुरांचं चांगलंच भागलं. चाचांना दोन्हीकडून बोलावणं यायचं. आमच्याकडे पानसुपारी खाऊन ते सांगायचे की समोरचं घड्याळ चुकीचं आहे, समोर जाऊन सांगायचे की आमचं. कुणी खडसावलं तर म्हणायचे, "घड़ियाँ दोनों सच्ची हैं मालक. वक़्त ही बदमाश है."

मग लढाई संपल्याची बातमी आली, पण पेठेची मस्ती लगेच उतरली नाही. त्यातच आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली. बडनेरा आमच्यापासून दोन-तीन कोसांवर. आणि त्याच उन्हाळ्यात समोरच्यांच्या मुलीचं, माझ्या चुलत नणंदेचं, लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा. वऱ्हाड आगगाडीने येणार होतं. अमरावतीच्या पेठेत आगगाडीने आलेलं पहिलं वऱ्हाड आपलंच असणार, म्हणून चुलतसासऱ्यांनी मिशीला तूप लावलं.

मुहूर्त गोरज होता. म्हणजे संध्याकाळी गाई रानातून घरी येतात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. मुलीच्या बापाला चुलतभावाला बोलवावंच लागलं, आणि मामंजींना जावंच लागलं. जाऊन त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मुहूर्त कोणाच्या घड्याळानं धरणार हाय? तुह्या घड्याळानं धरला त पोरगी म्हातारी होईन."

चुलतसासरे पेटले. म्हणाले, "चाल बडनेऱ्याले. वऱ्हाड आणाले जाऊनच राहिलो. मी माहं घड्याळ घेतो, तू तुहं घे. इष्टेशनावर सरकारी घड्याळ हाय. होऊन जाऊ दे."

मामंजी घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईले किल्ली मागा."

मी दाराआडून सासूबाईंना म्हटलं, "मामंजीले सांगा, किल्ली जिथं, मी तिथं. धक्क्यानं बंद पडलं त चालू कोण करीन?"

मामंजी छताकडे बघत म्हणाले, "सूनबाईले सांगा, गाडीत बसा म्हणा."

तशाही विहिणीला घ्यायला बायका जाणारच होत्या. अशी आमची स्वारी निघाली. पुढच्या गाडीत चुलतसासरे मांडीवर घड्याळ घेऊन, सावत्र मूल सांभाळावं तसे अवघडून बसलेले. मागे मामंजी, त्यांच्या मांडीवर आमचं. त्यामागे आम्ही बायका, आणि शेवटच्या गाडीत जोशीबुवा, वाटी आणि घंगाळ घेऊन. रस्ता असा होता की बैलसुद्धा कण्हत होते. प्रत्येक खड्ड्याला समोरचं घड्याळ आपण होऊन ठोका द्यायचं. रस्त्यावरचे लोक वाट सोडून नमस्कार करत. देव नेतायत असं त्यांना वाटलं असावं.

बडनेऱ्याचं स्टेशन म्हणजे तेव्हा एक कौलारू खोली आणि एक लांब ओटा. दोन्ही घड्याळं त्या ओट्यावर शेजारी शेजारी मांडली. आमचं वाटेत बंद पडलं नव्हतं, पण काटे कुठल्या कुठे गेले होते. समोरच्यांचं त्याहून वाईट. स्टेशनमास्तर तरणा, कोकणातला, अंगात बंद गळ्याचा काळा कोट आणि कोटाखाली घामाची विहीर. तो बाहेर आला, दोन्ही घड्याळांकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही चूक आहेत."

"मंग खरं कोणतं?"

त्याने खोलीतल्या घड्याळाकडे बोट केलं. जोशीबुवांनी आपली काठी उन्हात उभी केली, सावली बघितली आणि नाक उडवून म्हणाले, "हेबी चूक हाय. ऊन याच्या पुढे गेलं."

मास्तर म्हणाला, "बरोबर आहे. हे मुंबईचं आहे. मुंबईत जे वाजतात तेच आमच्या सगळ्या स्टेशनांत वाजायचे. तुमच्याकडे सूर्य आधी उगवतो, त्याला रेल्वे काय करणार?"

मग मामंजींनी विचारलं, "म्हणजे मुंबईची दुपार झाल्याशिवाय आमची होत नाई?"

"स्टेशनावर नाही."

"अन् आमच्या डोक्यावर ऊन असंन त?"

"तरी नाही."

"पाय रे," मामंजी चुलतभावाकडे वळून म्हणाले. बांधाच्या भांडणानंतर ते पहिल्यांदा त्यांच्याशी टोमणा न मारता बोलले. "हे मुंबईवाले आपला कापूस त नेतेच. आता दुपारबी नेऊन राहिले."

"आपण काहून ऐकून घ्यावं?" चुलतसासरे म्हणाले आणि मास्तराच्या अंगावर गेले. "सूर्य इकडे पयले येते का तिकडे? इकडे! मंग मुंबईनं आमच्या मागं चालावं का आमी मुंबईच्या?"

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून त्या पोराशी भांडायला लागले. जोशीबुवा मध्येच पंचांग काढून वाचू लागले. गाडीवान, हमाल, आम्ही बायका, सगळे घड्याळांभोवती कोंडाळं करून उभे. मास्तर सारखा म्हणत होता, "अहो, जरा बाजूला व्हा, गाडी येतेय," आणि कुणी ऐकत नव्हतं. गाडी आली. धूर सोडला, शिट्टी दिली, माणसं उतरवली आणि निघूनही गेली. आम्ही अजून मुंबईशीच भांडत होतो.

मी सहज मागे बघितलं तर नवरदेव मुंडावळ्या सावरत उभा, त्याच्याभोवती वऱ्हाडी, ट्रंका, पेटारे, आणि सगळ्यांत मोठ्या ट्रंकेवर विहीण बसलेली. लालबुंद. मी सासूबाईंचा पदर ओढला.

विहीण म्हणाली, "आमी अकोल्याहून आगगाडीत बसून आलो, जीव मुठीत धरून. अन् इथं उतरलो त सगळ्याईच्या पाठी! ना पाणी, ना गूळ. मी इथून हलत नाई. पुढची गाडी येईन त वापस जाईन."

चुलतसासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात जोडले, मामंजींनी जोडले, विहीण बघेना. जोशीबुवा म्हणाले मुहूर्त टळतो आहे, तर तिने पाठ फिरवली. शेवटी सासूबाई पुढे झाल्या, तिला म्हणाल्या, "सरक जराशी," आणि त्याच ट्रंकेवर तिच्या शेजारी बसल्या.

"माय, तुह्या घरी हाय काय व घड्याळ?"

"नाई."

"त तू सुखी हायेस. हे दोघं पाय. दोघं भाऊ हायेत. कितीक वर्सं झाले धड बोलत नव्हते. अन् आज बोलले त कशासाठी? मुंबईले शिव्या द्याले. याईले नवरदेव दिसंना, तू दिसशीन काय? मले त घड्याळ आलं तवापासून नवऱ्यानं पायलंच नाई, भिताडाकडेच पायते."

विहिणीने ओठ दाबून धरले, पण खांदे हलायला लागले. मग ती हसली ती अशी की ट्रंक करकरायला लागली. उठताना मात्र तिने अट घातली की घड्याळं तिच्या गाडीत नकोत. ती कुणाच्याच गाडीत आली नाहीत. घाईत दोन्ही फलाटावरच राहिली.

गाड्या पेठेत शिरल्या तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गाई केव्हाच गोठ्यात बसून रवंथ करत होत्या. मांडवात कुजबुज सुरू झाली. मुहूर्त गेला. चुलत नणंद आत पाटावर बसून रडत होती आणि तिची आई भिंतीला डोकं लावून उभी होती. जोशीबुवांनी घंगाळ ठेवलं, वाटी हातात धरली आणि घाम पुसत बसले.

सासूबाई त्यांना म्हणाल्या, "बुवा, गोरज म्हणजे काय व्हय?"

"गाई घरी येतेत, धूळ उडते, ते."

"गाई घरी आल्या अन् धूळ उडाली, त गोरज?"

बुवांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना पोट होतं, घर होतं, दक्षिणा बुडायची भीती होती. ते म्हणाले, "व्हय. शास्त्रात तेवढंच लिवलं हाय."

मग सासूबाईंनी पदर खोचला. आमचा गोठा उघडला, समोरचाही उघडला. आम्ही सगळ्या जावा-नणंदा काठ्या घेऊन गाईंना उठवायला लागलो. गाई उठेनात. त्यांच्या हिशेबाने दिवस संपला होता, आणि त्यांचं बरोबरही होतं. कशाबशा नाल्यापर्यंत हाकलल्या आणि तिथून परत फिरवल्या. वैशाखातली पेठ, गाड्यांनी दळलेला रस्ता. अशी धूळ उडाली की समोरचा दिवा दिसेना. एक गाय मांडवात शिरली आणि विहिणीसाठी मांडलेल्या रुखवतातली करंजी खाऊन गेली. पेठेतले लोक खोकत होते, हसत होते. मागच्या गल्लीतून चाचा धावत आले आणि विचारू लागले, "क्या सुबह हो गई?"

"आली गोरज!" सासूबाई ओरडल्या. बुवांनी त्या धुळीतच वाटी पाण्यात सोडली, आणि ती बुडाल्यावर अक्षता पडल्या. मी अंतरपाटाआडून नणंदेचा चेहरा बघितला. धुळीने पिठासारखा पांढरा, त्यावर अश्रूंचे दोन ओघळ, आणि ती खुदुखुदु हसत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीवान जाऊन घड्याळं घेऊन आला. दोन्ही बंद पडली होती. मामंजी ओट्यावर बसले होते, शेजारी चुलतसासरे, सुपारी कातरत. मी किल्ली घेऊन आत उभी राहिले आणि नेहमीसारखं सासूबाईंना म्हटलं, "इचारा, काटे कुठं लावू म्हणून."

मामंजी वळले आणि छताकडे न बघता, थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले वाटंन तिथं लाव, माय. तुलेच समजते त्याच्यातलं."

सासऱ्यांनी माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी बावरले. ओट्यावरची सावली बघितली आणि काटे लावले. समोरूनही निरोप आला की आमचंही येऊन लावून जा. चाचांचा धंदा बसला म्हणून ते महिनाभर माझ्यावर रुसले होते. मग परत कुलपं दुरुस्त करू लागले.

पुढच्या वर्षी नणंदेला मुलगा झाला आणि तीन महिन्यांनी ठेवलेल्या बारशाला अकोल्याला जायचं ठरलं. मामंजी म्हणाले, गाडीची वेळ विचारून येतो. सासूबाई म्हणाल्या, "काही इचारू नका. गाडी येईन तवा येईन. आपण पयले जाऊन बसू." मी, सासूबाई आणि नणंदेची आई सकाळीच बडनेऱ्याला पोचलो. फलाटावर चटई टाकली. भाकरी, ठेचा, कांदा सोडला. नणंदेच्या आईने बाळंतविडा पुन्हा एकदा उलगडून दाखवला. तो काळ्या कोटाचा मास्तर आम्हाला ओळखून आधी खोलीत लपला, मग हळूच बाहेर आला. सासूबाईंनी त्याला हाक मारून भाकरी दिली. तो उभ्या उभ्या खात म्हणाला, "गाडीला अजून बराच वेळ आहे, आजी."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या आणि चटईवर आडव्या झाल्या. "ठेचा झोंबते काय? पानी घे."

ऊन कलल्यावर गाडी आली. मी आणि नणंदेच्या आईने सासूबाईंना दोन्ही हातांना धरून डब्यात चढवलं. अकोल्याला उतरलो तर नणंद बाळाला उराशी धरून फलाटावर उभी होती, आणि तिच्याबरोबर विहीण, हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन.